बटणांचा फोन परत द्या

बार्किसिमेतो,
मंगळवार, १६ मार्च २०१०

प्रिय वन्सं,

पास्तोरा माउलीच्या कृपेने आम्ही दोघं बरी आहोत. तुम्ही, तुमचे गुडघे आणि तुमचं दुकानही बरं असेल असं धरून चालते. कॉफी पोचली. एवेलियोने डब्यात नाक घालून वास घेतला आणि म्हणाला, "आमच्या बोकोनोची सर कशाला नाही." तुमचा भाऊ तुमच्यावरच गेलाय, माहेरचं तेवढं चांगलं! बसवाल्याबरोबर तीन दुधांचा केक पाठवतेय. डबा आडवा करू नका म्हणून त्याला बजावलंय, तरी करेलच मेला.

तुम्ही विचारलंत, दुकानाच्या कामाला दोघांतला कुठला फोन चांगला? एवेलियोने तुम्हाला पाठवला तो माझा जुना बटणांचा, की त्याने मला आणलाय तो काचेचा? अहो वन्सं, हा काय प्रश्न झाला? काचेचाच! केकचा फोटो असा येतो की गिऱ्हाईक फोनच चाटायला बघतं. तुमच्या लोकरीच्या पांघरुणांचे रंग त्यात कसे उठून दिसतील, विचार करा. अक्षरं बोटाने ताणली की मोठी होतात, चष्मा शोधत फिरायला नको. बटणांच्या फोनमध्ये अक्षरं नाहीतच, मुंग्या आहेत. शिवाय माझ्या हातचं लोणी खाऊन खाऊन त्याची अर्धी बटणं रुसलीत. फोटो काढला तर केक कुठला आणि माझी चप्पल कुठली ते कळत नाही.

म्हणून मी म्हणते, आपण अदलाबदल करू. काचेचा तुम्ही घ्या, ते डबडं मला परत पाठवा. थोरल्या नणंदेने जुनं वापरायचं आणि मी नवं मिरवायचं, बरं दिसतं का ते? एवेलियोला मात्र बोलू नका. त्याने हौसेने आणलाय, उगाच मनाला लावून घेईल.

एक करा, पाठवेपर्यंत त्यातलं काही पुसू नका. माझा अंडीवाला, डबेवाला, मैदेवाला सगळे त्यातच आहेत. आपल्याकडे नंबर कोण लक्षात ठेवतं? जो तो आपल्या बटणांच्या फोनचा पिन, म्हणजे त्या फोनचा स्वतःचा आकडा, देतो आणि त्या पिनवरच निरोप लिहितो. मला वाटलं, सिमकार्ड नव्या फोनमध्ये घातलं की माणसंही मागोमाग येतील. पिन फोनच्याच पोटात असतो हे मला कोणी सांगितलं? काचेच्या फोनला तर पिनच नाही. बाकीचे कसेही सापडतील, पण मैदेवाल्याशिवाय माझं फार अडलंय. जेवण जात नाही म्हणा ना मैद्यापायी. हसू नका.

बाकी काय लिहू? वीज रोज जाते. घरात दोन माणसं, त्यात आवाज तो कसला. तिच्या खोलीत आता केकचे डबे ठेवतो. एवेलियोनेच ठेवायला लावले. जागा चांगली मोठी आहे.

फोन लवकर पाठवा हं.

तुमची भावजय,
सोराइदा


बार्किसिमेतो,
बुधवार, २४ मार्च

वन्सं,

तुमचं पत्र आत्ता आलं. ओट्यापाशी उभ्याउभ्याच वाचलं आणि होते तिथेच खाली बसले. ओव्हनमधला केक जळला. जळू दे.

हात जोडते, पाया पडते, काही पुसू नका. फोन आवडलाय, देणार नाही, असं लिहिलंत. ठीक. रविवारी दुकान बंद ठेवून त्यातली नको ती नावं काढून टाकणार, असंही लिहिलंत. नका काढू. मैदेवाल्याला तर हातही लावू नका.

किती हसत हसत लिहिलंय हो तुम्ही! "तुझा मैदेवाला चक्रमच आहे गं सोराइदा. आपल्या नावाखाली रोज काहीतरी लिहून ठेवतो. एकदा 'पाय सुजलेत', एकदा 'पाळणा पिवळा घेतला', परवा 'एप्रिल अखेरची तारीख दिली'. बायकोचं चाललं असेल बहुधा. मी तुझा फोटो काढून माझा लावला, दुकानातला, निळ्या पोशाखातला, तर दुसऱ्याच दिवशी मला विचारतो, 'अजून राग आहे का?' मी काय त्याच्या घरात नांदते? चांगलं ठणकावलं, 'आम्हाला काही नको, पुन्हा लिहू नका.' तेव्हापासून मेल्याची दातखीळ बसलीय."

वन्सं, तो मैदेवाला नाही. ती युलैमा आहे.

लिहिलं एकदाचं. ती दारविनबरोबर गेली त्या दिवशी एवेलियोने जेवणाच्या टेबलावर हात आपटून सांगितलं होतं, हे नाव या घरात पुन्हा ऐकू यायला नको. तुम्ही तिथेच होतात. तुम्हीही म्हणालात, गाड्यांना स्पीकर बसवणाऱ्याबरोबर पळाली ती मेली समजा. म्हणून तुम्हाला खरं सांगायचं धाडस झालं नाही आणि काचेच्या फोनची ती सगळी जाहिरात केली. एवेलियो येताजाता माझ्या फोनमध्ये डोकावतो, म्हणून पोटच्या पोरीचं नाव मी मैदेवाला ठेवलं. मैदेवाल्याच्या निरोपाकडे कोण बघतं?

आम्ही एकमेकींशी एक अक्षर बोललो नव्हतो. तिचा मान मोठा, मला माझ्या घराची भीती. पण तिने मला फोनमधून पुसलं नाही आणि मी तिला, म्हणून नावाखालचं लिहिलेलं एकमेकींना दिसायचं. ती आपल्या नावाखाली लिहायची, 'भात करपला'. मी माझ्या नावाखाली लिहायची, 'आच मंद ठेवावी'. दुसऱ्या दिवशी तिकडे दिसायचं, 'आज जमला'. एवढंच. एवढ्यावर मी जगत होते हो! मी लिहिलं, 'कंबर धरलीय', तर तिने लिहिलं, 'कोरफड लावावी'. लावली. उतरली.

मग माझ्या वाढदिवसाला एवेलियोने काचेचा फोन हातात ठेवला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. जुना कुठेय विचारलं, तर तो त्याच दुपारच्या बसने तुमच्याकडे निघाला होता. मी हसले, केक कापला, सगळ्यांना वाढला.

आता दोन्ही फोनांचं खरं ऐका. काचेच्या फोनला पिठाचा हात चालत नाही, ओला चालत नाही, दर वेळी धुवा, पुसा, मग लाडीगोडी लावा. फोटो सुंदर काढतो, ते खोटं नाही. गिऱ्हाईकही वाढलं. पण वीज गेली की दुपारच्या आत मान टाकतो. बटणांच्या फोनवर मी एका हाताने मैदा मळत, दुसऱ्या हाताने एप्रनच्या खिशात न बघता लिहायची. एवेलियो समोर बसून बातम्या ऐकत असायचा आणि त्याला पत्ता लागायचा नाही. कामाला काचेचाच हुशार, वन्सं. पण त्यात माझी मुलगी नाही.

तुमच्यावर रागावू तरी कशी? तुम्हाला काय कळणार? पण तिला काय वाटलं असेल, जरा मनात आणा. इतक्या दिवसांनी तिने मान खाली घालून आईला विचारलं, अजून राग आहे का. समोर आईच्या जागी आत्याचा चेहरा, आणि उत्तर काय, पुन्हा लिहू नका. तिला वाटलं असेल, मी तिला तुमच्या हवाली करून टाकलं. पोटुशी आहे हो ती! तुमच्याच पत्रातून मला कळतंय, आणि तेही तुम्ही मैदेवाल्याची थट्टा केलीत म्हणून. पहिलं बाळंतपण. जवळ कोण? त्या दारविनला बाळाची मान कशी धरायची ते तरी ठाऊक आहे का? कुठे राहते तेही मला माहीत नाही. तिच्या नावाशेजारच्या चित्रात नुसता समुद्र. आपल्या देशाला समुद्र काय कमी आहे? कुठल्या किनाऱ्यावर जाऊन हाका मारू?

मघाशी तुम्हाला फोन लावला होता. तुम्ही 'कोण? कोण बोलतंय?' म्हणत राहिलात आणि मी एप्रन तोंडावर दाबून रडत होते. आवाज येत नाही म्हणून तुम्ही ठेवून दिलात. पुन्हा लावायला गेले तर काच काळी. वीज सकाळपासून नाही. शेजारणीचा फोन मागितला, पण तुमचा नंबर मला कुठे पाठ आहे? तोही त्या मेल्या काचेतच. म्हणून हे पत्र. बस सुटायला आली, बसवाला दारात भोंगा वाजवतोय.

तेव्हा हे वाचून होताच, दुकानातलं गिऱ्हाईक उभं राहिलं तरी चालेल, मैदेवाल्याला लिहा: 'मी निकोलासा आत्या. फोन माझ्याकडे आहे. मागचं उत्तर तुझ्या आईचं नव्हतं. आईला राग नाही. कुठे यायचं ते सांग, ती येतेय.' एवढंच लिहा. तुमचा राग असला तर असू द्या, तो तुमच्यापाशी ठेवा. लहानपणी तिचे दात पडले तेव्हा तुमच्याच मांडीवर बसून रडली होती, तेवढं आठवा. आणि मग फोन बसवाल्याच्या हातात द्या.

तुम्ही नाही म्हणायला जागा राहू नये म्हणून काचेचा फोन या पत्राबरोबरच पाठवतेय. ब्रेडच्या डब्यात, रुमालात गुंडाळून, चार्जरसकट. माझं सिमकार्ड काढून घेतलंय. तुमचं त्यात घाला, फोन तुमचा झाला.

एवेलियोला सांगायचं असेल तर खुशाल सांगा. तुमच्या आधी मीच सांगणार आहे. संध्याकाळी तो हात धुऊन टेबलापाशी बसेल आणि विचारेल, नवा फोन कुठेय? मी सांगेन, युलैमाला परत आणायला दिला. त्याच टेबलावर, तेच नाव, मोठ्याने. त्याने काय आपटायचं ते आपटावं.

उद्या परतीच्या बसला मी थांब्यावर उभी असेन. बसवाला रिकाम्या हाताने उतरला तर मी त्याच बसमध्ये चढेन आणि तुमच्या दारात येऊन बसेन. पुसू नका, वन्सं. तोवर तिला पुसू नका.

युलैमाची आई