मुसळबंदीचा तह

५ मे १९९८, दिग्गी
पोचलो एकदाचे. जीपने हाडं खिळखिळी केली, पण जागा बघून ताराही खुलली. काम सोपं आहे: घरामागच्या खोलीत भूकंपमापक यंत्र, त्याची सुई चालू ठेवायची, कागद बदलायचा. सुपा धरणाच्या पाण्याने जमीन हलते का, हे वरच्यांना बघायचंय. ताराला सातवा महिना लागलाय. सासूबाईंनी खानापुरात बरीच आदळआपट केली, पण महिनाअखेरीच्या जीपने तिला बाळंतपणाला धाडायचं ठरल्यावर गप्प झाल्या. ओढ्यापलीकडे येसू आणि त्याची आई रुक्मा राहतात. आल्या आल्या फणस आला त्यांचा.

७ मे
इथली एक रीत मला भलतीच आवडली. घरं रानात विखुरलेली, एकातून दुसरं दिसत नाही. म्हणून दिवस कलला की प्रत्येक घरची बाई रिकाम्या उखळात मुसळाचा ठोका देते. आम्ही बरे आहोत, एवढाच अर्थ. बाकीची घरं तसंच उत्तर देतात. रुक्माने ताराला जुनं उखळ-मुसळ दिलं आणि बजावलं, "साद आली का परत द्याची, पोरी. न्हाई दिली तर मेली समजत्यात." आमच्या हपिसातल्या टेलिफोनपेक्षा हे बरं चालतं.

११ मे
दुपारी सुई एकदम दचकली. संध्याकाळी रेडिओवर कळलं, आपण राजस्थानात अणुचाचण्या केल्या. पेढे कुठले मिळणार, मी येसूला गूळ दिला. जमिनीच्या पोटात बार कशाला उडवायचा, हे काही त्याला पटेना. पाकिस्तानला कळावं म्हणून, असं मी ऐटीत सांगितलं. मग त्यो काय गप बसंल व्हय, म्हणाला आणि गूळ खात गेला.

१४ मे
काल पुन्हा चाचण्या झाल्या. आज सगळ्या घरांचे ठोके संपले आणि मग आणखी एक आला. खोल, पायाला कळणारा. त्या बाजूला घर नाही, नुसती दरी आहे. रुक्माने शेजारधर्म म्हणून त्यालाही उत्तर दिलं. तिचं ऐकून ताराने दिलं, उतारावरच्या वासूच्या घरानेही दिलं. मी ताराची चेष्टा केली.

२० मे
रोज येतोय. आपण उत्तर दिलं की दुसऱ्या दिवशी जास्त जोराने, जास्त जवळून. यंत्राच्या कागदावरून अंतर काढता येतं. दोनदा काढलं, कारण पहिल्यांदा विश्वास बसला नाही. तो दरी सोडून शेतांखाली आलाय. मला भीती वाटते. ताराला सांगितलेलं नाही.

२८ मे
पाकिस्ताननेही चाचण्या केल्या. सुई थरथरत राहिली. दिवस कलताना खालून ठोक्यांमागून ठोके. वासूचं घर उत्तर देत होतं, देत होतं, आणि मध्येच थांबलं.

२९ मे
वासूकडे कुणी नाही. ना तो, ना बायको, ना पोरं. चूल गरम होती. उखळाच्या जागी भोक आहे, येसूने त्यात दगड टाकला, पडल्याचा आवाज आला नाही.

सगळे देवळात जमलो. तहाची कल्पना माझी. सगळ्यांनी मुसळं आढ्याला बांधायची, कुणीही कुणालाही ठोका द्यायचा नाही. मी घरोघर जाऊन गाठी मारल्या. येसूने देवासमोर माझ्या हातावर हात ठेवला. परवा जीप येईल, तारा सुटेल.

३० मे
दिवसभर शांत. मग येसूच्या घरून ठोका ऐकू आला. तावातावाने गेलो. मुसळ वरच होतं, गाठ माझीच. उलट येसूच अंगावर आला. ठोका तुमच्याच घरातनं आला, शपथ मोडलीसा, म्हणाला. ताराने हातसुद्धा लावलेला नाही. येसू खोटं बोलेल असं वाटत नाही. पण गाठ सोडून परत बांधायला कितीसा वेळ लागतो? त्यालाही माझ्याबद्दल हेच वाटत असणार.

३१ मे
जीप आली नाही. ताराचे पाय सुजलेत, तिला चालवत नाही. ती म्हणते, वासू गप्प बसला म्हणून गेला. मी म्हणतो, उत्तर दिलं म्हणून. खरं काय ते —

संध्याकाळ
चारी बाजूंनी ठोके. येसूकडूनही. म्हणजे सगळ्यांनी सोडली मुसळं. आम्हीच तेवढे गप्प. आम्हीच तेवढे —

तारा पोट धरून रडतेय. दे, म्हणते. भिंतीला टेकून बसलीय.

गाठ सोडली. एकच देतो. तिच्यासाठी.

दिला.

सगळं थांबलं. एकदम. ओढ्यापलीकडून येसू ओरडतोय — आमची मुसळं बांधलेलीच हायत, कुणीच सोडली न्हाईत — का दिलासा, का —

उत्तर आलं. उखळातून नाही. तारा बसलीय तिथून. जमीन खचतेय, तिचा हात माझ्या हातात आहे, एका हाताने लिहितोय, कुणी वाचलं तर ठोका देऊ न