झिमिनचा राखीव

१४ मार्च
ठरलं! अंतराळात जाणार रोदिओन झिमिन. एकट्याचं उड्डाण. मी राखीव — त्याच्याएवढंच शिकायचं आणि खाली उभं राहून हात हलवायचा.
दुपारी खानावळीत मुद्दाम माझ्यासमोर येऊन बसला. "प्लातोन, तोंड का पाडलंस? वर मी जाणार, पण घाम तुझाही तेवढाच गळणार!" सगळे हसले. मीही हसलो — जरा उशिरानं.

२ एप्रिल
सरावाच्या गरगर फिरत्या यंत्रात आज अंगावर आठपट वजन. छातीवर घोडा बसल्यासारखं! डोळ्यांपुढे अंधारी आली. बाहेर काढलं तर समोर रोदिओन. स्वतःची पाळी संपवून तासभर माझ्यासाठी थांबला होता.
"अरे गाढवा, पोटानं श्वास घे, पोटानं!" आणि तिथंच फरशीवर उताणा पडून करून दाखवलं. कर्नलसाहेबांच्या देखत!
त्याच्या जागी मी असतो तर शिकवलं असतं? खरं सांगायचं तर, नाही.

२० मे
दमलो. लिहवत नाही.

५ जून
मॉस्कोहून विमानानं उड्डाणतळावर आलो. चहूकडे माळ, धूळ, ऊन. उड्डाणाला अकरा दिवस.
जिना चढताना रोदिओन मध्येच थांबला. उजवी कूस घट्ट दाबली, ओठ पांढरे. मला पाहताच हात काढला. "भूक लागली रे." भूक? आत्ताच तर दोन ताटल्या लापशी रिचवली होती!

६ जून
आज पुन्हा. कुणाला सांगू? सांगितलं तर मी उडणार — आणि जन्मभर लोक म्हणणार, प्लातोननं जागा लाटली. न सांगावं, तर वर तो एकटा. कळवळला तर पाणी द्यायलाही कोणी नाही.
चार वर्षं थांबलाय तो या दिवसासाठी. निघताना त्याची बायको अग्लाया म्हणाली होती, "यांच्याकडे लक्ष असू द्या हं. स्वतःचं दुखणं कधी बोलत नाहीत."

८ जून
बस्स. उद्या नाश्ता झाला की डॉक्टरांकडे जाणार. आधी त्यालाच सांगेन, तोंडावर. मग काय शिव्या घालायच्या त्या घालू दे!

९ जून
पहाटेच रोदिओन आपणहून डॉक्टरांकडे गेला. मूत्रपिंडाला सूज. "आणखी कुणाला ठाऊक होतं? प्लातोनला?" असं डॉक्टरांनी विचारलं, तर म्हणाला, "प्लातोनला? छे! त्याला कुठं काय कळतंय!"
सोळा तारखेला मी उडतोय.