सात फुटांची रेघ

कसबा सावंगी, जि. परभणी
गुरुवार, दि. १२ डिसेंबर १९७४

ती. दादा आणि आई यांस,
पंचफुलाचा सविनय जयभीम. वि. वि. मंगळवारी इथे जे झालं ते आधी क्रमाने लिहिते.

१. दि. १० रोजी सकाळी नऊ वाजता नगरपालिकेच्या हुकमाप्रमाणे मी स्टेशन रोडचा फूटपाथ मोकळा करायला गेले. सोबत मुकादम किशनराव आणि चार मजूर होते.

२. रस्त्याच्या काठाच्या दगडापासून आत सहा फूट म्हणजे फूटपाथ. मी फितीने मोजत गेले, किशनराव चुन्याच्या फक्कीची रेघ मारत गेले. रेघेच्या आत, म्हणजे रेघ आणि दगड यांच्यामध्ये, जे येईल ते हलवायचं, असा हुकूम होता.

३. दिनकरराव अडत्यांची मोटार त्यांच्या दुकानासमोर आख्खा फूटपाथ अडवून उभी होती. ड्रायव्हर मानवतला गेला आहे, संध्याकाळपर्यंत काढतो, असं ते म्हणाले. मी संध्याकाळपर्यंत मुदत दिली. त्यांनी सगळ्यांना चहा पाजला.

४. मोटारीच्या पलीकडे, कडुलिंबाखाली, सरजाआत्या पेरू घेऊन बसते. तिचं पोतं रेघेच्या नऊ इंच आत आलं. बाई, जागा मोकळी करा, असं मी तिला सांगितलं. दहा मिनिटं मुदत दिली.

५. आत्या सात मिनिटांत उठली.

६. मोटार आजही तिथेच आहे.

काल आणि आज आत्या जागेवर नाही. तिच्या खोलीला कुलूप आहे. ती पेडगावला आली आहे का, एवढं कळवावं. घरच्या माणसाला सोडलं आणि बाकीच्यांना उठवलं असं कोणी म्हणू नये, म्हणून मला तसं करावं लागलं. तुम्ही माझ्या जागी असतात तर हेच केलं असतं, असं मला वाटतं.

आईच्या खोकल्याचं औषध संपलं असेल तर कळवा. माझ्यावर आहे ती माया तशीच राहू द्या.

आपली,
पंचफुला


पेडगाव, ता. परभणी
रविवार, दि. १५-१२-७४

चि. फुला हिस,
दादाचे आणि आईचे अनेक आशीर्वाद आणि जयभीम. पत्र पोचलं. वाचताना मुलांच्या वह्या तपासतोय असंच वाटलं. कलमं सगळी बरोबर, शाईचा एक डाग नाही. गुरुजीची लेक शोभतेस.

सरजाक्का इथेच आहे. मंगळवारी दुपारच्या एस.टी.ने आली. पाटीतले पेरू तिने थेट माझ्या शाळेत आणून पोरांना वाटून टाकले. मी विचारलं, आज धंदा बंद का? तर गुडघे दुखतात म्हणाली. मग रात्री जेवताना तुझंच कौतुक. आपली फुला उन्हात उभी राहून चार चार गडीमाणसांना कामं सांगते, बिचारे मुकाट ऐकतात, हातात ही एवढी लांब फीत, असं हात पसरून दाखवत होती. तुझी आई हसून हसून खोकायला लागली. तू तिला उठवलंस हे तिने एका शब्दाने सांगितलं नाही. ते मला तुझ्या पत्रातून कळलं. मी अजून तिला ते वाचून दाखवलेलं नाही.

मी तुझ्या जागी असतो तर काय केलं असतं, मला माहीत नाही. पण एक विचारतो. किती फूट, किती इंच, किती मिनिटं, सगळं तू लिहिलंस. दिनकरराव काय म्हणाले तेही लिहिलंस. आक्का काय म्हणाली ते कुठेच नाही. तेवढं एक कलम राहिलं आहे.

आईचा खोकला कमी आहे. जेवणाची आबाळ करू नकोस. आमचा जीव तुझ्यात आहे, हे वेगळं सांगायला नको.

तुझा,
दादा


कसबा सावंगी
बुधवार, दि. १८ डिसेंबर १९७४

ती. दादांस,
सविनय जयभीम. वि. वि. राहिलेलं कलम लिहिते.

आत्या म्हणाली, उठते साहेब, तेवढी पाटी भरू द्या. मला साहेब म्हणाली, आणि माझ्याकडे बघितलं नाही. पाटी उचलायला कोणी पुढे झालं नाही. मीही झाले नाही. किशनरावांनी मला विचारलं की या तुमच्या ओळखीच्या आहेत का. मी नाही म्हणाले. आत्या तेव्हा तीन हातांवर होती. तिने ऐकलं.

हे त्या दिवशीच सुरू झालं असं नाही. जूनमध्ये मी नोकरीला लागले तेव्हा ऑफिसात सांगितलं की माझे वडील पेडगावला शिक्षक आहेत. ते खरंच आहे. आत्याचं कोणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. पाचवीपासून मॅट्रिकपर्यंत ज्या बाईने मला याच गावात सांभाळलं, तिच्यासमोरून मी रोज संध्याकाळी जाते. ती खाली मान घालून तराजू पुसते आणि मी घड्याळ बघते. असं करायचं, हे आमच्यात कधी बोलणं झालेलं नाही.

दुसरी गोष्ट याहून वाईट आहे. आमच्या खात्यातली जुनी फीत पुढून एक फूट तुटलेली होती. ती एकाच्या आकड्यापासूनच सुरू व्हायची. त्यामुळे सहा फूट मोजायचे तर आम्ही सगळे साताचा आकडा बघायचो. दहा तारखेला मी पहिल्यांदा नवी, पूर्ण फीत नेली, आणि सवयीने साताचा आकडाच बघितला. म्हणजे मी मारलेली रेघ सहा फुटांवर नाही, सात फुटांवर आहे.

तुमचं पत्र आल्यावर काल सकाळी गर्दी व्हायच्या आत मी किशनरावांना घेऊन पुन्हा मोजलं. आत्याच्या पोत्याची खूण मातीत अजून आहे. काठाच्या दगडापासून सहा फूट तीन इंच. ती फूटपाथवर नव्हतीच. मोटार दोन्ही मापांनी फूटपाथवर आहे. कन्याशाळेच्या मुली तिला वळसा घालून रस्त्यावरून, बैलगाड्यांच्या मधून जातात. मी तिथे उभी राहून ते पाहिलं.

किशनरावांना मी सांगितलं की ती माझी सख्खी आत्या आहे. ते म्हणाले, मला जूनपासून माहीत आहे. रोज दिवेलागणीला आत्या त्यांना विचारायची की ओव्हरसियरबाई, म्हणजे मी, घरी नीट पोचल्या का. मग मी विचारलं की त्या दिवशी मला असं का विचारलंत. त्यावर ते म्हणाले की तुम्हाला हो म्हणता यावं म्हणून.

पहिलं पत्र आणि हे, दोन्ही आत्याला वाचून दाखवा. काही गाळू नका. तिला परत यायला सांगा. तिची जागा तिची आहे.

लोभ असू द्या, असं म्हणायला आज जीभ वळत नाही.

पंचफुला


पेडगाव
शनिवार, दि. २१-१२-७४

(आक्का सांगते तसंच लिहितो आहे. माझे शब्द कंसात. दादा.)

फुले, तुला तुज्या आत्याचा जयभीम आन् लय लय आशीर्वाद.

दोनी पत्रं तुज्या बापानं वाचून दाखवली. दुसरं वाचताना त्योच रडाय लागला, म्हनून अर्धं शेजारच्या सुमनबाईच्या पोरीकडून वाचून घेतलं. (खोटं आहे. चष्मा सापडत नव्हता.)

तुज्या फुटाइंचातलं मला काय कळत न्हाई. मी लिंबाच्या मुळाला टेकून बसायची, तेवढंच माझं माप. पन तू फीत धरलीस तवा माज्याकडं बगायच्या आदी किशनरावाकडं बगितलंस, ते मला दिसलं. म्हनलं, हिला आता आत्या म्हनायची पाळी आनू नाई, चार मान्सांत पोरीचं तोंड उतरंल. म्हनून मीच साहेब म्हनले. त्यात मला काय लाज वाटली न्हाई. आपल्या घरात एक तरी साहेब झाला, म्हनून बरंच वाटलं. वळखीची न्हाई म्हनलीस, ते मातर लागलं. खोटं कशाला बोलू? एस.टी.त खिडकीला तोंड करून बसले.

तुला आठवतंय का, तू पाचवीत होतीस तवा याच रस्त्यानं मी तुला शाळेत न्यायची. तुला आतल्या अंगाला धरायची आन् मी रस्त्याच्या अंगाला चालायची. कापसाच्या गाड्या अंगावर यायच्या. एकदा जुवाचा धक्का लागून माझा खांदा महिनाभर सुजला व्हता. आता त्या पोरींना वळसा घालायला लागायलाय, तर त्यांच्या बाहेरच्या अंगाला कोन हाय? तू हाईस का?

परत ये म्हनतीस. मी न्हाई येत. मोटार हाय तवर मी न्हाई. मला आनून बसवशील आन् मोटार तशीच ठेवशील, तर लोक म्हनतील आत्या हाय म्हनून बसवली. आदी मोटार काढ.

आन् माझं नाव कुठं कागदावर घालू नको. ऑफिसातली मान्सं चार दिस हसतील, मग जल्मभर त्येच धरून बसतील. मी काय, आज हाय उद्या न्हाई.

पोटभर खात जा. हाडं दिसायलीत. (हे मीही लिहिणारच होतो.)

सरजाबाई
(सहीऐवजी अंगठा आहे. उजव्या कोपऱ्यात पेरूचा डाग आहे तोही तिचाच.)


कसबा सावंगी
गुरुवार, दि. २६ डिसेंबर १९७४

ती. सरजाआत्या हिस,
पंचफुलाचा जयभीम आणि पायांवर डोकं. दादा, हे मोठ्याने वाचा. चष्मा आधी शोधून ठेवा.

आत्या, मंगळवारी सकाळी मी जुनी रेघ पुसली. सगळ्या दुकानदारांसमोर, खराट्याने, स्वतः. किशनराव खराटा मागत होते, मी दिला नाही. मग सहा फुटांवर नवी रेघ मारली आणि आधीचं मोजमाप माझं चुकलं होतं, असं मोठ्याने सांगितलं. दिनकरराव हसून म्हणाले की बाईमाणसाच्या हातात फीत दिल्यावर दुसरं काय होणार. लोक हसले. मी हसू दिलं, कारण चूक माझीच होती. मग त्यांना मोटारीची चाकं दाखवली. जुन्या रेघेने आत, नव्या रेघेनेही आत. त्यांनी पुन्हा चहा मागवला. मी घेतला नाही. ड्रायव्हर आज कुठे गेला आहे ते विचारलं नाही. दहा मिनिटं सांगितली आणि मोटारीच्या बाहेरच्या अंगाला, रस्त्यात, उभी राहिले. शाळेच्या मुली माझ्या आतल्या अंगाने गेल्या. पस्तीस मिनिटं लागली. मोटार निघाली.

काल ती पुन्हा आली होती. मी पुन्हा उभी राहिले. आज अजून आलेली नाही. पुढचं मी सांगू शकत नाही.

आता मुद्द्याचं. मुख्याधिकाऱ्यांना या कामाचा लेखी अहवाल द्यायचा आहे. तो बुधवारी, १ जानेवारीला, टाईप होईल. त्यात फितीची चूक मी लिहिली आहे. त्याखाली एक ओळ कोरी ठेवली आहे. तिथे मला असं लिहायचं आहे: चुकीच्या रेघेमुळे ज्या फळविक्रेतीला उठवण्यात आलं त्या सरजाबाई माझ्या सख्ख्या आत्या आहेत, आणि ओळख विचारली असता मी नाही असं खोटं उत्तर दिलं.

नाव घालू नको असं तू सांगितलंस. तुझ्याबद्दल मी तुला न विचारता एकदा बोलले आहे, दुसऱ्यांदा तसं करणार नाही. पण माणसं हसतील म्हणून नको म्हणत असशील, तर ते कारण मला पुरेसं वाटत नाही. ती मला आधीच हसून झाली आहेत. तुझ्या जिवाला नको वाटत असेल तर ओळ कोरीच राहील, आणि ती कोरी का आहे ते मला माहीत असेल.

किशनरावांनी लिंबाखालची जागा झाडून ठेवली आहे. मी त्यांना सांगितलेलं नव्हतं.

हो किंवा नाही, एवढंच. तुझं उत्तर मंगळवार, दि. ३१ डिसेंबरपर्यंत मला मिळावं.

तुझी,
फुला