दादांना उचलायची रीत

मोताळा,
२० फेब्रुवारी १९६९

प्रिय सिंधू,

घाबरू नकोस, तुझे दादा बरे आहेत. हे पहिल्याच ओळीत लिहिते, कारण पाकिटावर माझं अक्षर पाहून तुझ्या छातीत धस्स झालं असणार. चार वर्षांत मी तुला पत्र म्हणून लिहिलं नाही. तूही दादांच्या नावानं चार ओळी पाठवतेस आणि शेवटी 'वहिनीस नमस्कार' एवढंच लिहितेस. प्रकटदिनाची गर्दी आता ओसरली असेल, शेगावच्या स्टेशनात तुझ्या उत्तमरावांना जरा श्वास घ्यायला फुरसत मिळाली असेल. इथे दुपार झाली आहे. दादांना जेवू घालून, कुशीवर करून, पाठीशी उशी लावून मी दाराशी येऊन बसले आहे. सकाळपासून लिहीन लिहीन म्हणत होते, पण कामं सरत नाहीत, आणि सरली की अंगात काही उरत नाही. मी थकले आहे, सिंधू. हे मी आजवर कोणाला बोलले नाही. बोलले तर दादांच्या कानावर जाईल म्हणून बोलले नाही.

मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा तू नऊ वर्षांची होतीस. तुझी आई नव्हती, म्हणून तुझी वेणी मी घालायची. आम्हाला लेकरू झालं नाही तरी मला त्याचं कधी फारसं वाटलं नाही, ते तुझ्यामुळे. तुझं लग्न झालं आणि पुढच्याच पावसाळ्यात दादा कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या पत्र्यावरून पडले. तू धावत आलीस, आठ दिवस राहिलीस, आणि सासरची माणसं न्यायला आली तेव्हा रडत गेलीस. त्यानंतरचं पहिलं वर्ष तू पाहिलं नाहीस. कमरेखाली त्यांना काही कळत नव्हतं. खाटेवरून मोरीत न्यायचं तर चार माणसं लागायची. मी दाराशी उभी राहून रस्त्यानं जाणाऱ्याला हाक मारायची, 'जरा हात लावता का भाऊ?' माणसं चांगली होती, यायचीही. पण एक जण काखेत धरायचा, एक जण पायाला ओढायचा, आणि तुझे दादा डोळे मिटून घ्यायचे. ज्या दिवशी कोणी भेटायचं नाही त्या दिवशी मी एकटीच त्यांच्या पाठीमागून हात घालून त्यांना ओढायची. मग माझ्या ध्यानात आलं की ते पाणी पीत नाहीत. तांब्या भरलेला तसाच. मी रागावले तर म्हणाले, 'पानी पेलो का पुन्हा लोकायले बलावा लागते.' त्या उन्हाळ्यात त्यांना लघवीचा त्रास झाला, ताप चढला, पाठीला जखमा पडल्या. मला वाटलं, हा माणूस आता जातो.

वाचवलं ते पुंजाजी मिस्त्रींनी. जिनिंगमध्ये ते आणि दादा बरोबर काम करायचे, ते तुला माहीतच आहे. जिनिंगनं मोडीत काढलेली साखळीची कप्पी ते एक दिवस खांद्यावर टाकून घेऊन आले आणि म्हणाले, 'सहदेव, जे यंत्र उचलते, थे मानूस काऊन नाही उचलनार?' तुझ्या दादांनी पाटी मागितली. पडल्या पडल्या खडूनं चित्र काढलं. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत छताखाली लोखंडी गर्डर, त्यावरून सरकणारा चार चाकांचा घोडा, घोड्याला कप्पी, कप्पीला आडवी दांडी आणि दांडीला झोळी. म्हणजे खाटेवरून उचललं की हवेतच सरकवत खुर्चीपर्यंत किंवा मोरीपर्यंत न्यायचं. ताडपत्रीची झोळी मी शिवली. त्यांनी सांगितलं तशी दुहेरी, चार पट्टे, प्रत्येकाला एक लोखंडी कडी. आधी सरकीची दोन पोती टांगून दिवसभर ठेवली. मग पुंजाजी स्वतः बसले. मग दादा. वर गेल्यावर ते हसले. वर्षभरानं हसले असतील. 'आजवर कापसाच्या गाठी चढोल्या, आता मीच गाठ झालो,' म्हणाले. त्या दिवशी ते दोन तांबे पाणी प्यायले.

आता मी तुला त्यांना उचलायची रीत लिहून ठेवते. का, ते पुढे लिहीन. नीट वाच. दोनदा वाच.

सगळ्यात आधी त्यांना सांगायचं. 'दादा, आता कुशीवर करते', 'आता वर घेते'. सांगितल्याशिवाय अंगाला हात लावायचा नाही, त्यांना धसका बसतो आणि ते जे हाताला लागेल ते धरतात. खुर्ची आधी जागेवर आणायची आणि तिच्या चाकांना पुढून मागून विटा लावायच्या. वर घेतल्यावर खुर्ची शोधत फिरायचं नाही. मग त्यांना भिंतीकडे कुशीवर करायचं, अर्धी झोळी गुंडाळून पाठीशी लावायची, परत आपल्याकडे वळवायचं आणि पलीकडून गुंडाळी उलगडून ओढून घ्यायची. सुरकुती राहू द्यायची नाही, त्यांना टोचलेलं कळत नाही आणि दुसऱ्या दिवशी तिथे जखम दिसते. खालचे दोन पट्टे मांड्यांखालून आत आणून एकमेकांतून काढायचे, नाहीतर माणूस घसरतो. कड्या अडकवल्या की चारही पट्टे एकेक करून हातानं हिसका देऊन बघायचे. डोळ्यांनी नाही, हातानं. कप्पी बरोबर त्यांच्या पोटावर आणायची, तिरकी असली की उचलल्याबरोबर ते झोका खातात. साखळी सावकाश ओढायची. चार बोटं वर आले की थांबायचं. ओढणं थांबवलं की कप्पी आपोआप जागीच थांबते, भिऊ नकोस. थांबून परत सगळं बघायचं, त्यांच्या तोंडाकडे बघायचं, मगच पुढे. वर असताना एक हात सतत त्यांच्या गुडघ्यावर ठेवायचा. दाराची कडी वाजो, दूध उतू जावो, कुत्रं आत येवो, हात काढायचा नाही. खुर्चीवर उतरवताना गुडघे मागे रेटायचे म्हणजे पाठ टेकून बसतात. दांडी डोक्याला लागू नये म्हणून ती धरूनच कड्या सोडायच्या. आणि झोळी धुतली की दर वेळी शिवण बघायची. दर वेळी.

हे शेवटचं वाक्य लिहिताना माझा हात थांबला होता. आता त्या दिवसाचं लिहिते.

चार वर्षांपूर्वी तू श्रावणात माहेरी आली होतीस. मी सांधेदुखीनं बेजार होते आणि तू म्हणालीस, 'वैनी, तू बस आज. मी उचलतो दादाले.' तुला दोन दिवस मी शिकवलं होतं. तू सगळं नीट केलंस. मी समोर बसून गहू निवडत होते, मला दिसत होतं. कड्या अडकवल्यास, साखळी ओढलीस, थांबलीस, परत ओढलीस. खाटेवरून बाजूला सरकवलंस आणि खांद्याकडचा उजवा पट्टा सुटला. दादा डोक्याकडून खाली गेले. त्यांचा तो उजवा खांदा, ज्या हाताच्या जोरावर ते स्वतः जेवत होते, कुशीवर वळत होते, तो फरशीवर आपटला. तू 'माह्या हातून पडला व, माह्या हातून पडला दादा' असं ओरडत होतीस. मला ते ओरडणं अजून ऐकू येतं, सिंधू. पुंजाजी आले, बैलगाडी आली, बुलढाण्याला नेलं. संध्याकाळी दवाखान्याच्या पायरीवर तू मला विचारलंस, 'वैनी, म्या कडी नीट नव्हती का अडकवली?' आणि मी म्हणाले, 'नसंल.'

एवढंच म्हणाले. पण तेवढ्यावर तू चार वर्षं घरी आली नाहीस. शेगावहून नांदुरा आणि नांदुऱ्याहून मोताळा, अर्ध्या दिवसाची वाट. गावात सगळे म्हणत राहिले की बहिणीच्या हातून पडले, आणि मी ऐकत राहिले.

कडी सुटली नव्हती. कडी दांडीलाच होती, मी घरी येऊन पाहिली. पट्टा झोळीपासून उसवला होता. आणि तो उसवत आलाय हे मला तीन दिवस आधीपासून माहीत होतं. सोमवारी झोळी धुताना दोरा सुटलेला दिसला, मी मनाशी म्हटलं, दुपारी टाके घालू. दुपारी डोळा लागला. मंगळवारी विसरले. बुधवारी आठवलं तेव्हा झोळी दादांच्या अंगाखाली होती. आणि गुरुवारी तू साखळी हातात घेतलीस तेव्हा मला परत आठवलं होतं. मी तोंड उघडणार होते. मग वाटलं, रोज तर टिकते, आजही टिकेल. उठायचा कंटाळा आला होता, सिंधू. तुला वाईट वाटेल, पण खरं तेच लिहिते. वैर नव्हतं, त्या गुरुवारी विसरही नव्हता. नुसता कंटाळा. तू दवाखान्यात बसली होतीस तेव्हा मी घरी येऊन तो पट्टा परत शिवला, चार टाक्यांच्या जागी बारा घातले, आणि कोणाला दाखवलं नाही.

मागच्या शुक्रवारी हे मी दादांना सांगितलं. ते खुर्चीत बसले होते, मी त्यांची नखं कापत होते. मला वाटलं होतं ते ओरडतील. त्यांनी हात माझ्या हातातून काढून घेतला. मग म्हणाले, 'मले ठाऊक हाय.' मी विचारलं, कसं काय? म्हणाले, 'वर गेलो तव्हाच माह्या कानाजवळ दोरा तुटल्याचा आवाज आला होता. कडी नाही, दोरा.' मी विचारलं, मग इतकी वर्षं बोलला का नाहीत? तर दुसरीकडे तोंड करून म्हणाले, 'तुले बोललो असतो अन् तू रागानं निंघून गेली असती, तं मले उचललं कोनं असतं? सिंधी तं तिच्या घरी जानारच होती. तिच्यावर गेलं तं जाऊ देलं.' आणि ते रडले. पाठीला जखमा असताना रडले नव्हते. मीही रडले, पण मला रागही आला. कोणाचा ते अजून कळत नाही. आम्ही दोघांनी मिळून तुला घराबाहेर ठेवलं आणि एकमेकांना ते कळू दिलं नाही. त्यांनी मला सांगितलं, 'लिही तिले. माह्याबी नावानं लिही.' म्हणून हे दोघांचं आहे असं समज.

पुंजाजींची बायको बनाबाई सध्या मला पाणी भरून देते. घागर माझ्यानं उचलत नाही. त्याचं कारण तुला सांगायला लाज वाटते, पण बाई बाईला सांगू शकते. दोन-अडीच वर्षं झाली, माझं अंग बाहेर येतं. पहिल्या वर्षी एकटीनं त्यांना ओढलं ना, त्याचंच मूळ असावं. मी कापडाच्या घड्या बांधून चालवत राहिले. आता तसं चालवता येत नाही. बनाबाईनं जबरीनं बुलढाण्याला नेलं. डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि म्हणाल्या, 'इतके दिवस काय करत होता?' मी म्हटलं, काम. सात मार्चला ऑपरेशन ठरलं आहे. बारा दिवस दवाखान्यात, आणि नंतर तीन महिने काही ओढायचं नाही, उचलायचं नाही. पुंजाजी दादांना खुर्चीवर घ्यायला येतील, पण त्यांना धुणं-पुसणं, रोजची पाठ बघणं, हे दादा परक्या माणसाला करू देत नाहीत. मी दवाखान्यात गेले तर ते परत पाणी पिणं बंद करतील, त्याची मला ऑपरेशनपेक्षा जास्त भीती वाटते.

तू येशील का? हे विचारायला मी पत्र लिहायला बसले. सात मार्चच्या आधी आलीस तर दोन दिवस माझ्यासमोर करून बघता येईल. खरं तर साधी चिठ्ठी टाकली असती तरी तू आली असतीस, आपल्या हातून चूक झाली होती ती फेडायला म्हणून आली असतीस. तसं मला तुला आणायचं नव्हतं. तुझ्याकडे काही फेडायचं नव्हतं कधी. आता सगळं तुला ठाऊक आहे. यावंसं वाटलं नाही तर येऊ नकोस, आम्ही काहीतरी करू, आणि मी तुला एका शब्दानं दोष देणार नाही. यायचं झालं तर नांदुऱ्याहून दुपारची गाडी धर, पुंजाजी स्टँडवर येतील. रागावून आलीस तरी चालेल. दादांसमोर मला बोललीस तरी चालेल.

तुझीच,
कलावहिनी