बेचाळीस प्लेटलेटचा माणूस

धाकट्यास थोरल्याचे आशीर्वाद. तुझा गुडघा आणि सूनबाईंचा खोकला एव्हाना उतारावर असतील असे धरून चालतो. मी आहे. हे मुद्दाम लिहितो, कारण मागच्या पत्रात मी नसण्याची तयारी कळवली होती.

झाले असे, की माझी दुखरी दाढ काढण्याआधी दातांच्या डॉक्टरने रक्त तपासायला लावले (यकृत बिघडलेले ना, म्हणून). कागदावर प्लेटलेटपुढे बेचाळीस छापले होते. रक्त थांबवणारी माणसे ही, आणि अख्ख्या अंगात उरली बेचाळीस. (शेजारी बारीक इंग्रजी अक्षरे होती, पण ती चौथीपर्यंत शिकवत नाहीत.) त्या दिवसापासून दाढी बंद, सुरीला हात नाही. डास चावला की एक वजा. शुक्रवारपर्यंत एकोणतीसवर आलो. मुलीने विचारले, "बाबा, बोटांवर काय मोजताय?" सांगितले नाही. उगाच घाबरली असती.

शेवटी तिने यकृताच्या डॉक्टरबाईंकडे नेले. तिथे मी एकोणतीस सांगितल्या. बाई खुर्चीसकट भिंतीकडे वळल्या. खांदे हलत होते. मग म्हणाल्या, "आजोबा, बेचाळीस हजार. तेही थेंबाच्या एका कणात." तरी कमीच. यकृत कडक झाले की पानथरी, म्हणजे प्लीहा, सुजते आणि प्लेटलेट स्वतःकडे अडवून ठेवते. शिवाय नव्या बनवा हा निरोप यकृत नीट धाडत नाही. ऐकून मला बरे वाटले. तीस वर्षे कारखान्याच्या भांडारात मी दुसरे काय केले? माल भरपूर, पण सहीशिवाय खिळा सोडला नाही. माझ्या पोटात माझाच भाऊबंद बसला आहे. बाईंनी तोच निरोप धाडणाऱ्या गोळ्या पाच दिवस दिल्या, आठवड्याने प्लेटलेट पुन्हा मोजल्या. एकसष्ट हजार. यकृत जपायचे आहेच, पण गुरुवारी सकाळी दाढ निघते.

तुझा,
थोरला

ता. क. मागचे पत्र फाडून टाक. भिंतीवरचे घड्याळ तू नव्हे, मी पाडले आणि मार तू खाल्लास, हे त्यात कबूल केले ते बेचाळीस प्लेटलेटच्या माणसाने. एकसष्ट हजारांचा माणूस त्याला बांधील नाही.

आणखी एक. फाडू नकोस. गुरुवारी ते घेऊनच ये. एकट्याने त्या खुर्चीत बसायचा मला धीर नाही. दाढ निघेपर्यंत शेजारी बसून मोठ्याने वाच. माझे तोंड उघडेच असेल, म्हणजे नाही म्हणता येणार नाही.