फुलटोच्या आला का

मामंजी,

आपल्या परड्यातल्या आंब्यावरचा फुलटोच्या पक्षी गेला नव्हता. तो तिथंच होता. गेली तीन-चार वर्षं मी वहीत त्याच्यापुढे ‘नाही’ लिहीत आले, आणि तो सगळा वेळ माझ्या डोक्यावर बसून ओरडत होता. मंगळवारपासून मला हे कळलंय. घरात अजून कुणाला सांगितलेलं नाही, आणि सांगायचं कसं हेही सुचत नाही, म्हणून तुम्हाला लिहिते आहे. मला भीती वाटते, मामंजी. आमचे हे गेले तेव्हा रडू आलं होतं, भीती वाटली नव्हती. ही वेगळी आहे.

मंगळवारी सकाळी सून स्वयंपाकघरात भाकरी थापत होती. तुम्ही तिला पाहिलं नाही. तुम्ही गेलात तेव्हा तुमचा नातू अजून शाळेत जात होता. ती गडहिंग्लजकडची, राजारामपुरीत एका क्लासच्या ऑफिसात बसते, बोलायला फटकळ आहे पण मनात काही ठेवत नाही. पक्ष्यांचं तिला कौतुक नाही. माझ्या वह्यांनी कपाट अडवलंय एवढंच ती कधीमधी ऐकवते. तर थापता थापता ती वैतागून म्हणाली, “आई, हे काय टिकटिक लावलंय वो पहाटेपासनं? कोणतरी गॅसचा लायटर घेऊन झाडावर बसल्यागत वाटायलंय.” मी विचारलं, कुठल्या झाडावर? तिने पिठाच्या हाताने मागचा आंबा दाखवला. मी दारात जाऊन उभी राहिले. कावळा होता, साळुंक्या भांडत होत्या, पलीकडच्या गल्लीतून रिक्षा गेली. टिकटिक नव्हती. थांबली वाटतं, असं मी म्हटलं. ती तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली, “थांबलीय कुठं? आत्ता वाजायलंय की.”

तिच्या लायटरवरून तुम्हीसुद्धा लगेच ओळखलं असतंत. आपल्याकडे तेव्हा चूल होती, म्हणून तुम्ही मला हा आवाज सांगताना घड्याळाला चावी देऊन दाखवली होती. मी कॅमेरा घेऊन झाडाखाली मोडकी खुर्ची टाकली. बांडगूळ अजून आहे. शेजारचे लोक अजून दर वर्षी सांगतात की काढून टाका, झाड वाळेल, आणि मी तुमचंच उत्तर देते की ते काढलं तर तो खाणार काय. बऱ्याच वेळाने पानांत काहीतरी हललं. अंगठ्याएवढा, मातकट, डोळ्यात भरावं असं काही नसलेला. मी कॅमेरा जवळ ओढला. तो फळ गिळून फांदीवर सरकत आला आणि त्याने तोंड उघडलं. मिटलं. उघडलं. मिटलं. टीव्हीचा आवाज बंद केल्यावर बातम्या सांगणारी बाई दिसते ना, तसं. त्याचा गळा हलत होता, शेपूट प्रत्येक वेळी हलत होतं, आणि माझ्यापर्यंत काही येत नव्हतं. मी भराभर बटण दाबत राहिले. फोटो हलले. एक बरा आलाय, त्यात त्याची चोच उघडी आहे. तो फोटो मी परत परत बघते.

तुम्ही मला शिकवलंत तेही कानानेच. मी सातवी शिकलेली, लग्न होऊन आले तेव्हा तुमच्या फोटो स्टुडिओत माझं काम ठरलं ते धुतलेले फोटो चिमटे लावून दोरीवर वाळवायचं. रोल संपल्याशिवाय धुता येत नाही आणि गिऱ्हाईक तर दुसऱ्या दिवशी दारात, म्हणून पासपोर्टचे फोटो काढून रोलमध्ये शेवटी जे दोन-चार फोटो उरायचे ते संपवायला तुम्ही घरी येऊन परड्यात जायचात. पहिल्यांदा निगेटिव्ह उजेडात धरली तेव्हा मला हसू आलं होतं. हार घातलेला नवरा, हार घातलेली नवरी, अर्जासाठी कॉलर नीट केलेला कुणीतरी पोरगा, आणि त्यांच्या ओळीत शेवटी खंड्या. घरात लोक म्हणायचे की म्हाताऱ्याला रोल संपवायचं निमित्त पाहिजे. तुम्ही मला झाडाखाली उभं करून डोळे मिटायला लावायचात. आधी कान, मग डोळा, मग कॅमेरा, हा तुमचा क्रम होता. रद्दीतून मासिकं आणून दिलीत, पानं गळालेलं पक्ष्यांचं पुस्तक दिलंत, मी अक्षर अक्षर लावत वाचत गेले, आणि शेवटी शंभर पानी वही दिलीत. त्या वहीत मी पहिल्याच आठवड्यात नीळकंठ लिहिला. शेजारणीने शेताकडं जाताना पाहिला होता, तिने सांगितलं आणि मी लिहिला. तुम्ही अंधाऱ्या खोलीत लाल दिव्याखाली, फोटो पक्के करायच्या हायपोच्या ट्रेवर वाकलेले होतात, वर न बघता म्हणालात, “दुसऱ्याच्या डोळ्यानं लिहायचं न्हाय. तुला दिसलं, तुला ऐकू आलं, तेवढंच. बाकीचं गावगप्पा.” मी त्या अंधारात रडले आणि तुम्हाला कळलं नाही असं मला तेव्हा वाटलं होतं. त्यानंतर इतक्या वर्षांत मी तसं कधी केलं नाही. माझ्या वह्यांत जे आहे ते माझंच आहे. आणि तेच आता मला खातंय.

कारण येत्या रविवारी प्रदर्शन आहे. कॉलेजात शिकवणाऱ्या एक तरुण मॅडम आहेत, त्यांना कुठूनतरी आपल्या फोटोंचं कळलं. तुमच्या निगेटिव्ह, माझे फोटो, माझ्या वह्या, सगळं एका हॉलमध्ये लावायचं त्यांनी ठरवलं. पोरगी मेहनती आहे, दोन महिने घरी येऊन माझ्याशेजारी बसून वह्या वाचल्या. शेवटच्या भिंतीवर एक मोठी पाटी आहे, ‘उचगावातून गेलेले पक्षी’. गिधाड, फुलटोच्या, चष्मेवाला, निखार. खाली माझं नाव आणि मी पहिल्यांदा ‘नाही’ लिहिलं ती वर्षं. मंगळवारी संध्याकाळी मी ती यादी घेऊन बसले. गिधाडं गेली ते खरं, त्यांच्यासाठी कान लागत नाही, आभाळाकडे बघितलं की झालं. पण बाकीचे तिघे? तिघेही बारीक आवाजाचे. पानांत लपणारे, आधी ऐकू आल्याशिवाय सापडत नाहीत असे. मग मी उलटं बघितलं. भारद्वाज आहे, तांबट आहे, कोकीळ आहे, टिटवी आहे. मोठ्या आवाजाचा एकही पक्षी माझ्या वहीतून गेलेला नाही. हे लक्षात आलं तेव्हा मी वही मिटली. आता मला कळत नाही, मामंजी, की मी इतकी वर्षं गावातलं काय काय गेलं ते लिहीत होते की माझ्यातलं. आणि काही पक्षी खरंच गेले असतील तर? ते कुठले, हे मला कसं कळणार? गाव तर बदललंय, तुम्ही ओळखणार नाही. निखार बसायचा ती बाभळीची रांग गेली, तिथं गोडाऊन आहेत. तो गेलाही असेल. माझ्या शब्दावर लोक विश्वास ठेवतात आणि मी स्वतः ठेवू शकत नाही.

रातकिड्यांचं तर बोलवत नाही. हे गेल्यानंतर घर फार गप्प झालं. यांना पक्ष्यांचं काही नव्हतं, स्टुडिओ बंद करून यांनी झेरॉक्सचं मशीन घेतलं तेव्हा तुम्ही बोलला नाहीत पण जेवलाही नाहीत, आठवतं ना. पण माणूस घोरायचा, खोकायचा, पंख्याला शिव्या घालायचा. ते सगळं थांबलं, आणि त्यांच्या मागोमाग रातकिडेही थांबले. मी ते दुःखाचंच समजले. माणूस गेलं की रात्र अशीच होत असेल, असं मनाला सांगितलं आणि त्या शांततेला मी यांची म्हणून सांभाळलं सुद्धा. काल जेवताना सुनेला सहज विचारलं, रातकिडे असतात का गं हल्ली? ती म्हणाली, कान किटायची पाळी येते रोज, तुम्हाला झोप कशी लागते?

डॉक्टरकडे जायला पाहिजे, कळतंय मला. पण गेले की मुलाला कळणार. पहाटे उसाच्या बांधावर एकटी फिरते म्हणून तो आधीच चिडतो. पन्हाळ्याकडून गवे उतरतात, शेतात शिरतात, आई तू म्हातारी झालीस, असं त्याचं चालू असतं. मी त्याला सांगायची, गवा असला तर आधी ऊस मोडल्याचा आवाज येईल की. आता बांधावर उभी राहिले तर पाठीमागेच बघत राहीन. दोन दिवस गेलेच नाही. लग्न होऊन आल्यापासून आजारपण सोडलं तर असं झालं नव्हतं.

आणि या सगळ्यात तुम्ही आठवलात, म्हणजे तुमचं एक वेगळंच आठवलं. शेवटची काही वर्षं. तुम्ही सकाळी ओट्यावर घोंगडी पांघरून वही मांडीवर घेऊन बसायचात, मी अंगण झाडत असायची. रोज तोच प्रश्न. “काय गं पोरी, आला का?” मी म्हणायची, आला की मामंजी, आंब्यावर आहे. एकदा मी चिडून म्हटलं, तुमच्या डोक्यावर तर ओरडतोय, मला कशाला विचारता? तुम्ही हसलात आणि म्हणालात, “तुझा कान तपासतोय.” मला त्याचा केवढा अभिमान वाटला होता. सासरे सुनेची रोज परीक्षा घेतात आणि सून रोज पास होते, असं मी माहेरी सांगायची. माझं उत्तर ऐकल्यावरच तुम्ही पेनाचं टोपण काढायचात. ते मी रोज बघितलं आणि मला कधी काही वाटलं नाही. काल भांडी घासताना ते टोपण डोळ्यापुढे आलं आणि मी हातातलं भांडं ठेवून नळ बंद केला. तुम्हालाही अशीच भीती वाटायची का? कुणाला सांगितलं होतंत? सासूबाईंना तरी? तुम्ही मला एवढं सगळं शिकवलंत, हे कसं सोसायचं ते तेवढं सांगितलं नाहीत.

काल दुपारी मॅडमना फोन केला. शेवटची पाटी थांबवा, मला तिघांचं परत तपासायचंय, असं सांगितलं. त्या गोंधळल्या. छापून झालीय म्हणाल्या, कारण विचारलं. मी म्हटलं, शनिवारी सांगते. शनिवारच्या आत सुनेला घेऊन कॅनॉलवरच्या झाडीत जायला पाहिजे, चष्मेवाल्याचं आणि निखाराचं बघायला. तिला काय सांगून नेऊ ते अजून ठरलेलं नाही.

आज सकाळी ती डबा भरत होती. मी वही उघडून दाराशी बसले होते, झाडाकडे तोंड करून. विचारायचं ठरवलं नव्हतं, पण विचारलं गेलं. “काय गं, आला का?” तिने मान कलती केली. “व्हय, आला की. लायटर चालूच हाय. पण मला का विचारताय वो? तुम्ही त्यातल्या मास्तरीण.”

“तुझा कान तपासतेय,” मी म्हटलं.

ती हसत हसत कामाला गेली. तुमच्या वेळी मीही अशीच हसले होते. हे पत्र मी वहीत ठेवणार नाही, वह्या आता सगळे वाचतात; साडीच्या घडीत ठेवते. वहीत खरं तेवढंच लिहायचं, असं तुम्हीच सांगितलंत. आणि आज तिथं मी माझ्या अक्षरात लिहिलंय, ‘फुलटोच्या, आंब्यावर, ऐकला.’