रेघा मारणारी

रविवार, २४ ऑगस्ट

प्रिय दादा,

नमस्कार. तू, वहिनी आणि छोटी बरे असाल. छोटीला मी अजून पाहिलेलं नाही. आता शाळेत जायला लागली असेल.

आईचे गुडघे आहेत तसेच आहेत. जिना चढताना ती दर तीन पायऱ्यांनी थांबते आणि खिडकीतून काहीतरी बघायचं होतं असं दाखवते. बाबा जूनअखेरीला निवृत्त झाले. भाषणं झाली, फोटो निघाले. माझं लग्न मोडल्याला दोन वर्षं झाली. ते तुला मावशीकडून कळलंच असेल, तिच्या तोंडात तीळ भिजत नाही. मध्यंतरी मी आई-बाबांकडेच राहत होते. आता राहत नाही. एका डोळ्यांच्या दवाखान्यात लोकांची नावं लिहून घेते आणि नंबर पुकारते. काम बरं आहे. कुणी मला काही सांगत नाही.

सहा वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही. आज लिहिते, कारण विद्यापीठाच्या एका फायलीत तुझ्याविषयी एक कागद आहे, आणि तो तिथे माझ्यामुळे आला. ते तुला दुसऱ्याकडून कळू नये.

लग्न मोडल्यावर मी मानसशास्त्राचं अर्धवट राहिलेलं शिक्षण पुन्हा हातात घेतलं. शेवटच्या वर्षी सहाशे तास प्रत्यक्ष काम करावं लागतं. मला जागा मिळाली ती बाबांच्याच विद्यापीठातल्या समुपदेशन केंद्रात. त्यांच्या ओळखीने नाही, हे मी कुणी न विचारता सगळ्यांना सांगत असे.

परीक्षा विभागाच्या वरचा मजला. छोट्या छोट्या खोल्या, प्रत्येकीत दोन खुर्च्या, त्याही समोरासमोर नाहीत, जरा तिरक्या. नजर चुकवायची असली तर माणसाला खिडकी मिळावी म्हणून. घड्याळ येणाऱ्याच्या पाठीमागे, फक्त आम्हाला दिसेल असं. कोपऱ्यात कॅमेरा, पण समोरच्याने सही दिली तरच चालू करायचा. आम्ही चौघं शिकाऊ, आणि आमच्यावर मॅडम. तीस वर्षं त्यांनी हेच काम केलंय. दर गुरुवारी त्या आमचं चित्रीकरण थांबवत थांबवत पाहायच्या आणि एकच प्रश्न विचारायच्या, ‘इथे तू का बोललीस?’ समोरची गप्प होती म्हणून, असं सांगितलं की म्हणायच्या, मग राहू द्यायचं होतं गप्प.

मला ते काम येत होतं, दादा. हे बढाई म्हणून लिहीत नाही. येत नसतं तर पुढचं सगळं अडाणीपणावर ढकलता आलं असतं.

पहिल्याच दिवशी मॅडमनी आमच्याकडून एक अर्ज भरून घेतला होता. विद्यापीठात तुमचं कुणी नात्याचं आहे का? मी बाबांचं नाव लिहिलं. त्यांच्या विभागातलं कुणी आलं तर ताबडतोब दुसऱ्याकडे द्यायचं, एक मिनिटही बसायचं नाही, असं मॅडमनी बजावलं. मी मान डोलावली.

डिसेंबरात एक बाई आल्या. इथे मी त्यांना बाईच म्हणते, कारण संशोधनाला येण्याआधी त्या लहान मुलांच्या शाळेत शिकवत होत्या. त्यांच्याविषयी तुला सांगणं हीसुद्धा आगळीकच; पण पुढे त्यांनी स्वतःच हे सगळं तक्रारीत लिहिलं आणि पाच माणसांसमोर वाचून दाखवलं. तेवढंच सांगते, त्यापलीकडचं नाही.

कागदावर त्यांनी विभागाचा रकाना कोरा ठेवला होता. चित्रीकरणाला नाही म्हणाल्या. तक्रार साधी होती: वाचताना आवाज जातो. शाळेत चाळीस मुलांसमोर दिवसभर बोलणारी बाई, आणि आता स्वतःचं लिहिलेलं पान वाचायला घेतलं की घसा बंद. डॉक्टरांनी घसा तपासून झाला होता. घशाला काही झालेलं नव्हतं.

मी विचारलं, असं पहिल्यांदा कधी झालं?

त्या म्हणाल्या, “सर ओरडत नाहीत हो. कधीच नाही. उभं करतात आणि वाचा म्हणतात. चूक झाली की हळू आवाजात म्हणतात, पुन्हा, पहिल्यापासून.”

ते शब्द आपल्या घरातले होते. मी घड्याळ पाहिलं. वीस मिनिटं झाली होती.

तेव्हाच थांबायला हवं होतं. माफ करा, तुम्हाला मी दुसऱ्या ताईंकडे देते, एवढंच वाक्य होतं; आमच्याकडून ते पाठ करून घेतलेलं. मी म्हटलं, “पुढे सांगा.” आणि जाताना त्यांना पुढच्या मंगळवारची वेळ दिली.

मॅडमना मी सांगितलं की एका संशोधक बाईंचं मार्गदर्शकांशी पटत नाही. खोटं एक अक्षर नव्हतं त्यात. कॅमेरा बंद, त्यामुळे थांबवून पाहण्यासारखंही काही नव्हतं.

मी असं का केलं, हे मॅडमनी नंतर विचारलं, समितीने विचारलं, आईने विचारलं. तुझं ऐकायचं होतं म्हणून. तू जे सांगत होतास आणि मी ऐकून घेतलं नाही, ते एक परकी बाई माझ्यासमोर बसून सांगत होती, आणि तिच्यावर मी वीस मिनिटांत विश्वास ठेवला होता. तुझ्यावर वीस वर्षांत ठेवला नाही. तू घर सोडलंस त्या दिवशी जेवणाच्या टेबलावर तू एकेक गोष्ट सांगत होतास, कपाटाशी उभं राहून निबंध वाचणं, वाचता वाचता तुझं अडखळायला लागणं, मग त्या अडखळण्याचीही चूक धरली जाणं. आणि मी ताटातून मान वर न करता म्हटलं, तू नेहमी वाढवून सांगतोस. तू उठलास. पाणीसुद्धा प्यायला नाहीस.

बाई सात वेळा आल्या. त्यांचा घसा थोडा मोकळा व्हायला लागला होता. पाचव्या वेळी अर्धं पान वाचलं त्यांनी माझ्यासमोर, आणि हसल्या. मला वाटलं, बघा, नियम मोडूनही भलंच होतंय. माणूस स्वतःची समजूत किती स्वस्तात काढतो.

सहाव्या वेळी मी एक प्रश्न विचारला. तो त्यांच्यासाठी नव्हता. तुम्ही वाचता तेव्हा खोलीत आणखी कुणी असतं का?

असतं, म्हणाल्या. त्यांच्या मागून आलेली एक विद्यार्थिनी. सर तिच्या हातात कागद देतात. चूक झाली की तिने एक रेघ मारायची आणि शेवटी आकडा सांगायचा.

मी विचारलं, तिचा राग येतो तुम्हाला?

त्यांनी खिडकीकडे तोंड वळवलं. मग म्हणाल्या, “सरांचा राग यायला भीती वाटते. म्हणून तिचाच येतो. ती मान वर करत नाही.”

त्या रविवारी सकाळी बाबा बैठकीत कुणाचा तरी प्रबंध तपासत बसले होते. आईने तुझा विषय काढला. निवृत्तीच्या समारंभाला तुला बोलवावं असं तिच्या मनात होतं. बाबा पान उलटत म्हणाले, “त्याला लहानपणी आणखी थोडं घासायला हवं होतं. अर्धवट सोडला, म्हणून तसा निघाला.”

माझा तोल गेला. तुझ्या बाजूने बोलायची माझी ती पहिली वेळ. पण मी तुझं बोललेच नाही. म्हटलं, “अजूनही तेच करता तुम्ही. उभं करून वाचून घेता, आणि दुसरीला रेघा मारायला बसवता. माणसाचा आवाज गेलाय तिथे.”

बाबांनी चष्मा काढला. रागावले असते तर बरं झालं असतं. ते हसले.

“म्हणजे बाई तुमच्याकडे येतात तर,” म्हणाले. मग चष्मा पुसत पुसत, अगदी सहज: “आणि आपल्या घरी रेघा कोण मारायचं गं? आठवतं का?”

आई चहा ठेवते म्हणून आत गेली. चहा झालेला होता.

त्या मंगळवारी बाई आल्या आणि खुर्चीत बसल्याच नाहीत. आदल्या दिवशी सगळ्या संशोधकांसमोर सरांनी त्यांना उभं केलं होतं आणि म्हणाले होते, “वरच्या मजल्यावर मन मोकळं करून झालं असेल, तर आता वाचा. पहिल्यापासून.” त्यांच्या तोंडून एक शब्द फुटला नव्हता.

“त्यांना कसं कळलं?” त्यांनी मला विचारलं. माझ्यावर संशय नव्हता, दादा. केंद्रात कुणी शिपाई, कुणी कारकून फुटला असेल का, असं त्या मलाच विश्वासाने विचारत होत्या.

मी सांगितलं. त्यांची मुलगी आहे म्हणून सांगितलं. माझ्या ओळखपत्रावर अजून नवऱ्याचं आडनाव होतं, त्यामुळे त्यांना कळायला मार्गच नव्हता. त्यांनी ते ओळखपत्र एकदा वाचलं, पुन्हा वाचलं.

“मला तिचा राग येतो का, हे कशाला विचारलंत?”

मी म्हटलं, “घरी मी मारायचे रेघा. भावाच्या.”

त्यांनी पिशवी उचलली आणि दार आवाज न करता लोटून गेल्या.

मी तशीच मॅडमच्या खोलीत गेले. त्यांनी हातातलं काम बाजूला ठेवून ऐकलं. किती सत्रं झाली, विचारलं. सात. तुला कधीपासून ठाऊक होतं? पहिल्या सत्राच्या विसाव्या मिनिटापासून.

“मग तिची सात सत्रं झाली नाहीत,” मॅडम म्हणाल्या. “एकच झालं, वीस मिनिटांचं. बाकीची तुझी.”

त्यांनी माझ्याकडून खोलीची किल्ली घेतली. चारशे बारा तास झाले होते माझे, ते गेले. ते जायलाच हवे होते.

बाईंनी दोन तक्रारी केल्या, एक बाबांवर, एक माझ्यावर. समिती बसली. तारीख जवळ आल्यावर बाबांनी मला बोलावून नीट समजावलं, जसं एखाद्या हुशार विद्यार्थिनीला समजावतात. मी घरी काही बोललेच नाही, त्यांनी आपलं अंदाजाने ताडलं, असं लिहून द्यायचं. म्हणजे मीही सुटेन, तेही सुटतील. संध्याकाळी आई माझ्या पलंगाच्या कडेवर येऊन बसली. तीन महिने राहिलेत त्यांच्या निवृत्तीला, म्हणाली, सांभाळून घे. मी तिला विचारलं, दादाला कधी सांभाळून घेतलंस का. ती उठली आणि भिंतीला धरत धरत गेली. हे मी बोलायला नको होतं. तिचे गुडघे त्या दिवशी फार दुखत होते.

मी होतं तसं लिहून दिलं. घरी बोलले, रागात बोलले, बाईंचे शब्द वापरले. आणि आपल्या घरातलंही लिहिलं. अध्यक्षांनी विचारलं, हे घरचं पाहिलेलं दुसरं कुणी आहे? भावाचं निवेदन आणता येईल का? मी म्हटलं, आमचं बोलणं नाही. का नाही, ते त्यांनी विचारलं नाही.

मग बाबांचा कागद आला. त्याची प्रत मला मिळाली. त्यात लिहिलंय की मुलीचा संसार मोडल्यापासून तिचं मन थाऱ्यावर नाही. मुलगाही लहानपणापासून दुबळ्या मनाचा, बोलण्यातही दोष, वडिलांवर वाटेल ते आरोप करून घर सोडून गेलेला. तेव्हा कुटुंबातल्या या दुर्दैवी प्रवृत्तीकडे समितीने सहानुभूतीने पाहावं. खाली सही, त्यांच्या त्या सुंदर अक्षरात. तुझ्याविषयीचा कागद म्हटलं होतं तो हा. त्याच्यासोबत मी माझा एक कागद जोडला: माझ्या भावाच्या बोलण्यात जन्मापासून दोष नव्हता, तो कसा आला हे मी खोलीत बसून पाहिलं आहे. तो फायलीत लागला. कुणी वाचला असेल असं वाटत नाही.

निकाल लागला. बाबांना तोंडी समज. मला तीन वर्षं कुठेही प्रशिक्षण नाही. बाईंना दुसरे मार्गदर्शक देऊ केले, पण त्यांनी संशोधनच सोडलं. त्या पुन्हा शाळेत शिकवतात असं कानावर आलं. आवाज परत आला का, ते मला कळणार नाही, आणि विचारायला मला तोंड नाही. त्या दुसऱ्या विद्यार्थिनीला मात्र पदवी मिळाली.

रेघा मारायचे तेव्हा मी नऊ वर्षांची होते, हे समितीला मी मुद्दाम लिहिलं नाही. वय पुढे केलं की माणसं लगेच म्हणतात, पोर होतीस, तुला काय कळत होतं. मला कळत होतं. बाबा मला शेजारी बसवून घ्यायचे, लाल पेन्सिल द्यायचे, आणि पूर्ण वेळ मी त्यांची लाडकी असायचे. तुझ्या अठ्ठावीस रेघा झाल्या त्या दिवशी त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. पुढच्या वेळी, दादा, मी दोन रेघा जास्त मारल्या. तुझी चूक झालेली नसताना. तू पुन्हा पहिल्यापासून वाचलंस.

हे मी मॅडमना सांगितलं नाही. समितीलाही नाही.

डोळ्यांच्या दवाखान्यात दुपारी गर्दी ओसरते. तेव्हा मी ते जेवणाचं टेबल आठवते, तू घर सोडलंस त्या दिवसाचं. तू बाबांचं सगळं सांगितलंस, आईच्या गप्प बसण्याचंही सांगितलंस. रेघा कोण मारत होतं, ते तू सांगितलं नाहीस. मी समोर बसले होते, आणि तू मला वगळून सांगत गेलास. मी तुला म्हटलं वाढवून सांगतोस, तरीही नाही सांगितलंस.

वहिनीला माझा नमस्कार सांगू नकोस. मी कोण आहे ते आधी तिला सांग, सगळं, काही न वगळता.

धाकटी